बर्फातली पिल्लं

(देवणी तालुक्यातलं एक गाव. शिवनाम सप्ताह चालू आहे. ईश्वरप्पांच्या घराची ओसरी. दिवस कलला आहे, समोरच्या मंडपात कुणी मृदंग लावून बघतं आहे.)

दामिनी : नाही म्हणजे नाही, अप्पा. तसलं वचन मी देणार नाही. पण असे उंबऱ्यात उभे राहू नका. या, जवळ या, इथं घोंगडीवर टेका. ती गोष्ट सांगू नका म्हणायला आलात ना? मग आधी ऐकून तरी घ्या. अशी गोष्ट सांगते, की संपल्यावर तुम्हीच माझ्या हातात माईक द्याल.

ईश्वरप्पा : माईक? सप्ताह कमिटीचा अध्यक्ष मी हाय. माईकचं बटण माझ्या हातात हाय. पाहुण्या बाईला तोंडावर बोलू नये, पण सांगून ठेवतो. महादेवाचं सांगा, भक्तांचं सांगा, गावानं त्याच्यासाठी मंडप घातलाय. हदगावला सांगितलं तसलं डायनासोरचं इथं चालणार न्हाई.

दामिनी : म्हणजे हदगावची क्लिप तुमच्यापर्यंत आली तर.

ईश्वरप्पा : आली? लई फिरून राहिली. देवणीच्या बाजारात गेलो, तर बैलाचा दलाल मला इचारतो, 'अप्पा, औंदा तुमच्या मंडपात त्या डायनासोरवाल्या ताई का हो?' चार माणसं हासली. माझी इज्जत काय राहिली?

दामिनी : दिवसा मी उदगीरला शाळेत भूगोल शिकवते, संध्याकाळी शिवकीर्तन करते. तोंड एकच आहे, अप्पा. जे पोरांना खरं म्हणून सांगते, ते देवापुढं का लपवू?

ईश्वरप्पा : बरं मग. नारळ परत द्या.

दामिनी : कुठला नारळ?

ईश्वरप्पा : मागच्या सप्ताहाला, भर मंडपात, महादेवासमोर तुमच्या हातात दिला तो. औंदाच्या कीर्तनाचा. तो परत दिला की तुम्ही मोकळ्या, आम्ही बी मोकळे. लातूरला दुसरे कीर्तनकार हायत, फोन केला की निघतेत.

दामिनी : त्याची तर तेव्हाच चटणी केली, अप्पा. लसूण घालून. घरचे बोटं चाटत होते. आणि काय हो, देवापुढं दिलेला नारळ परत मागायची रीत तुमच्या गावात कधीपासून निघाली?

ईश्वरप्पा : न्हाई. तशी रीत न्हाई. माझ्या बापजाद्यांत कुणी नारळ माघारी मागितला न्हाई. म्हणून तर तुमच्यापुढं हात जोडून राहिलो. न्हाईतर दुपारीच तुम्हाला उदगीरच्या गाडीत बसवून दिलं असतं.

दामिनी : आता खरं बोललात. खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडायला मजा येते.

आरती : ताई, चहा घ्या. मामा, हा तुमचा, बिनसाखरेचा.

दामिनी : ही सूनबाई ना तुमची? मागच्या वर्षी मला गव्हाची गोड हुग्गी वाढली होती हिनंच. आरती ना गं?

आरती : हाव.

ईश्वरप्पा : आरती, तू आत जा. पोरगी उठंल.

आरती : ऋतू गाढ झोपलीय. मी इथंच थांबते, मामा. बोलणं तर माझ्यावरूनच चाललंय.

दामिनी : तुझ्यावरून कुठं? आम्ही डायनासोरवरून भांडतोय.

आरती : एकच हाय ते. मामांनी तुम्हाला सांगितलं न्हाई वाटतं?

ईश्वरप्पा : घरातल्या गोष्टी घरात राहू दे.

आरती : घरात राहू द्यायचं म्हणता अन् घरातल्यालाच बाहेर काढता. ताई, उद्या सकाळी प्रसादाचं कीर्तन झालं की भोकरहून माझा भाऊ जीप घेऊन येणार हाय. सुदर्शन. मला अन् ऋतूला माहेरी न्यायला. मामांनीच बोलावून घेतलंय. ऋतूचे बाबा गेले, त्याला हा दुसरा हिवाळा.

दामिनी : हे मला माहीत नव्हतं. शिवम गेला ते कळलं होतं, मोटरसायकलवरून... पण तुला पाठवताहेत हे नव्हतं माहीत.

ईश्वरप्पा : पाठवून राहिलो म्हणजे काय हाकलून राहिलो का? आधी ही 'हाव' म्हणली होती, ताई. कपडे बी भरून ठेवले होते. मग कुणीतरी तुमची क्लिप हिच्या मोबाईलवर धाडली. ती बघितली अन् दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवता पेटवता म्हणती, 'मी न्हाई जात.' मी इचारलं, 'काय झालं?' तर म्हणती, 'डायनासोर बी गेले नव्हते.' आता बोला! तुमच्या त्या जनावरानं माझ्या घरात शिंग घातलं.

दामिनी : महादेवा! आणि मी समजत होते, हदगावला लोक झोपलेच होते.

ईश्वरप्पा : हासण्यावारी नेऊ नका. आज तुम्ही तेच मंडपात सांगणार. गावाला सगळं ठाऊक हाय. जीप येणार ते ठाऊक हाय, ही अडून बसली ते बी ठाऊक हाय. तुमची गोष्ट सुरू झाली की अख्खा मंडप मान वळवून माझ्याकडं बघंल. मग मी कुठं तोंड लपवू?

दामिनी : मग तर सांगावीच लागेल.

ईश्वरप्पा : ताई!

दामिनी : अहो, आजच्या कीर्तनाला मी दुसरं काहीतरी नेमलं होतं. खरंच. तुम्ही अडवायला आलात म्हणून मी हट्टाला पेटले, आणि हिनं सांगितलं म्हणून आता माघार नाही. पण न्यायानं वागू. तुम्ही अजून ती गोष्ट पुरती ऐकली नाही ना?

ईश्वरप्पा : अर्धी बघितली. मग मोबाईल आपटला.

आरती : माझा मोबाईल.

दामिनी : तर ऐका पुरती. मंडपात सांगायच्या आधी तुम्हाला सांगते. जिथं खोटं वाटेल तिथं अडवा.

ईश्वरप्पा : अडवणार. जनावरातलं मला कळतं. तीन पिढ्या देवणी गाई पाळल्यात आम्ही.

दामिनी : म्हणूनच तुम्हाला सांगायला हुरूप येतोय. पृथ्वीच्या पार माथ्यावर एक मुलूख आहे, अलास्का. सात कोटी वर्षांमागं तिथं आजच्याइतका बर्फ नव्हता. रान होतं, सूचीपर्णी झाडं होती, नद्या होत्या. पण हिवाळा आला की सूर्य उगवायचाच नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, महिनोन्‌महिने. काळोख, आणि वरून बर्फ. अशा ठिकाणी डायनासोरची हाडं सापडली.

ईश्वरप्पा : हितंच अडवतो. एवढं मोठं जनावर काळोखात खाणार काय? पाला तर सगळा गळून गेला असंल.

दामिनी : शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पडला. त्यातले बरेच जण म्हणाले, ही जनावरं तिथं कायमची राहत नसतील. उन्हाळ्यात येत असतील, चरत असतील, आणि हिवाळा लागला की कळप करून दक्षिणेकडं, उबेला जात असतील. बरे दिवस आले की परत.

ईश्वरप्पा : बरोबर हाय की! कुणाला बी पटंल. मी हिला दुसरं काय म्हणलो? चार महिने जा, मन रमव, उन्हाळ्यात परत ये. कायमचं कुठं म्हणलो?

आरती : मामा, डोळ्यात बघून म्हणा.

ईश्वरप्पा : काय?

आरती : 'उन्हाळ्यात परत ये.' माझ्याकडं बघून म्हणा एकदा.

ईश्वरप्पा : ...सांगा ताई, पुढं सांगा. शास्त्रज्ञ बरोबर बोलले. मग?

दामिनी : मग काही लोकांनी हट्ट धरला. तिथं एका नदीच्या काठी मातीचा कडा आहे. मोठी हाडं सोडून ते त्या कड्यातली माती खणायला लागले. ती धुवायची, बारीक चाळणीतून चाळायची, आणि जे वर उरेल ते भिंगाखाली कणाकणानं निवडायचं.

आरती : सुपात जोंधळा निवडतोत तसं.

दामिनी : अगदी तसं. आणि बोटं गारठवणाऱ्या थंडीत. वर्षं गेली त्यात. आणि काय सापडलं ठाऊक आहे? दात. राळ्याच्या दाण्याएवढाले. इवली इवली हाडं. अंड्यात वाढत असलेल्या नाहीतर नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांची.

ईश्वरप्पा : पिल्लांची? तिथं?

दामिनी : तिथंच. आणि एका जातीची नाहीत, अप्पा. बदकासारख्या तोंडाच्या, शिंगांच्या, मांस खाणाऱ्या, लहान, मोठ्या, कितीतरी जातींची. आता तुम्ही जनावरातले जाणते. बघा हिशोब लागतो का. त्यांतल्या कित्येकांचं अंडं फुटायलाच पुष्कळ महिने लागत असावेत, असं जाणकार म्हणतात. वसंतात घातलं तर पिल्लू बाहेर येईतो उन्हाळा सरत आलेला. पुढं काय?

ईश्वरप्पा : पुढं थंडी. अन् पिल्लू तर... न्हाई. न्हाई चालणार ते. आठ दिवसांचं वासरू गोठ्यातून मळ्यापर्यंत नेताना दोनदा बसतं. अन् इथं तर मुलुखाचा मुलूख ओलांडायचा.

दामिनी : हजारो कोस.

ईश्वरप्पा : मरंल की ते वाटंत.

दामिनी : मी काही बोलले नाही हं. तुम्हीच बोललात.

ईश्वरप्पा : मग काय केलं त्यांनी?

दामिनी : राहिले.

ईश्वरप्पा : राहिले कसे? थंडी, काळोख, चारा न्हाई. असं 'राहिले' म्हणून कसं भागंल?

दामिनी : काहींच्या अंगावर पिसं होती. मऊ, दाट. उडायला नाही, उबेला. काही जाती बिळात शिरून बसत असाव्यात असं म्हणतात, त्याचा पुरावा थोडा आहे. अंगाची ऊब त्यांची स्वतःची होती, उन्हाकडून उसनी घेतलेली नाही. आणि चारा म्हणाल, तर काटक्या, साल, कुजलेलं लाकूड, मिळेल ते.

ईश्वरप्पा : कुजलेलं लाकूड! दुष्काळात आमच्या जनावरांनी छपराचा कडबा खाल्ला होता, तसं. मग ती हाडावर दिसत असणार. तसली उपासमार जनावर लपवू शकत न्हाई.

दामिनी : दिसते ना. त्यातल्या शिंगाच्या एका जातीचं हाड आडवं कापलं, तर आत रेघा दिसतात. उन्हाळ्यात भरभर वाढ, हिवाळ्यात वाढ थांबायला आलेली, तिथं एक रेघ. पुन्हा उन्हाळा, पुन्हा रेघ.

ईश्वरप्पा : वळे! आमच्या गाईच्या शिंगावर बी असतेत की. वाईट साल गेलं की शिंगावर वळा उठतो. बाजारात आम्ही शिंगावर बोट फिरवून सांगतोत, हिनं काय काय सोसलंय.

दामिनी : बघा. सात कोटी वर्षं गेली, आणि रीत तीच.

ईश्वरप्पा : ...गोष्ट झकास हाय. खोटं बोलणार न्हाई. पण जनावराची हाय, ताई. माणसाला जनावर लावू नका. अन् कीर्तनात तर न्हाईच न्हाई. तिथं देव पाहिजे.

दामिनी : कुठला देव, अप्पा? पशुपती म्हणतात तो? माणसांनी ज्याला मुकुट दिला तर त्यानं गळ्यात साप घेतला, तो? सगळ्या देवांनी ऊब बघून घरं बांधली आणि हा कुठं जाऊन बसला? कैलासावर. बर्फात. अंगावर काय, तर राख. बैल संगतीला, भुतं संगतीला, ज्याला कुणी दारात उभं करत नाही ते सगळे संगतीला. त्याच्यापुढं बर्फातल्या लेकुरवाळ्या जनावराची गोष्ट सांगायची नाही, तर कुणापुढं सांगायची?

ईश्वरप्पा : तुमच्याशी बोलण्यात कुणी जिंकणार न्हाई.

दामिनी : आणि माहेरी पाठवायचंच म्हणता, तर तेही महादेवाच्याच घरचं सांगते. सती माहेरी गेली होती एकदा. बापाच्या घरी. काय झालं पुढं ते तुम्हाला मी सांगायला नको.

ईश्वरप्पा : हर हर! तसं बोलू नका. हिचा भाऊ भला माणूस हाय.

आरती : भलाच हाय. वहिनी बी भली हाय. त्यांची दोन खोल्यांची जागा हाय भोकरला, मुलं दोन. मी गेले तर मला काढणार न्हाईत. पण पाहुणीसारखी राहीन, मामा. ताटावर बसले की आधी दुसऱ्याच्या ताटाकडं बघणारी. ऋतू बी तशीच वाढंल.

ईश्वरप्पा : अन् इथं काय हाय तुला? सांग की. घरात बाईमाणूस न्हाई. तुझी सासू जाऊन सात वर्षं झाली. आता सासरा अन् तरणी सून, एका छपराखाली. तुला वाटतं लोक गप बसले असतील? तुझ्या कानावर येत न्हाई, माझ्या येतं.

आरती : माझ्या बी येतं. आडावर येतं, दळणाला गेलं की येतं. काल सप्ताहाच्या भाकरी थापताना तर माझ्या तोंडावरच आलं.

ईश्वरप्पा : मग?

आरती : मग काय? भाकरी थापली. करपू दिली न्हाई.

दामिनी : वा गं माझी बाई!

ईश्वरप्पा : तुम्ही तिला चढवू नका. ताई, मी काही राक्षस न्हाई. हिचं वय एकोणतीस. समोर अख्खी जिंदगी हाय. मी आज हाय, उद्या न्हाई. ही इथं एकटी पडली तर शिवमला मी वर जाऊन काय सांगू? अन् खरं सांगू का... खरं सांगतो. ती पोरगी हासली की त्याच्यासारखी हासती. मान तिरकी करून. ती अंगणात खेळत असली की मी मागल्या दारानं दुकानाला जातो. अध्यक्ष, अध्यक्ष म्हणतेत मला. मी चार वर्षांच्या पोरीला भिऊन राहिलो.

आरती : माहीत हाय मला.

ईश्वरप्पा : तुला?

आरती : रोज बघते. तुम्ही मागल्या दारानं जाता अन् ती पुढल्या दारात तुमच्या चपला मांडून बसती. 'आजोबा अजून निघाले न्हाईत,' म्हणती. मी म्हणते, 'हाव, अजून न्हाई निघाले.' तिचं हासणं दिसू नये म्हणून तिलाच धाडता, मामा? अन् मग काय दिसंल तुम्हाला ह्या घरात?

ईश्वरप्पा : आवाज चढवू नको.

आरती : चढवला न्हाई. आजवर उतरवूनच बोलले. आता सरळ बोलते. मी जाणार न्हाई. जीप आली तर सुदर्शनला चहा देईन, हुग्गी वाढीन, अन् रिकामी धाडीन. तुम्ही खोलीला कुलूप लावलं तर गोठ्यात राहीन. दोन गाई माझ्या हातच्या हायत, त्या मला जागा देतील.

ईश्वरप्पा : गोठ्यात? माझी सून गोठ्यात राहणार? गाव थुंकंल माझ्यावर!

आरती : ह्या घरची एक सून राहिलीय की गोठ्यात. गाव तिच्यावर थुंकलं का हो?

ईश्वरप्पा : आरती. पुरं.

दामिनी : कोण राहिली होती?

ईश्वरप्पा : कुणी न्हाई. जुन्या गोष्टी.

आरती : सांगू द्या, मामा. न्हाईतर तुम्ही सांगा. तुमचीच गोष्ट हाय, तुम्हीच अभिमानानं सांगायचात. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात ऋतूच्या बाबांनी मला गोठा दाखवला. म्हणले, 'हा खुंटा बघ. ह्या खुंट्यापाशी आमच्या अप्पांचा पाळणा होता.'

दामिनी : अप्पा?

ईश्वरप्पा : ...माझी अव्वा. आई माझी, दानम्मा. मी सहा महिन्यांचा होतो, बाप गेला. फोड झाला पाठीत, तेवढ्यानं गेला. भाऊबंद म्हणले, हिला भालकीला माहेरी लावून द्या. चार महिने राहील, मन रमंल, मग आणू परत. बैलगाडी जुंपली होती. अव्वा गाडीत बसली न्हाई.

दामिनी : मग?

ईश्वरप्पा : मग भाऊबंदांनी दार लावून घेतलं. ही मला घेऊन गोठ्यात गेली. पुसाचा महिना. दोन गाईंच्या मधी कडबा अंथरला, मला मधी ठेवलं, अन् आपण दाराच्या बाजूनं निजली. वारं तिकडून यायचं म्हणून. दिवसा लोकांच्या शेतात खुरपायची. ज्वारीचं काड निघालं, उन्हाळा सरला, तरी तिथंच. मला म्हणायची, 'तुला मी न्हाई वाढवलं रे, गाईच्या पोटानं वाढवलं.' मोठा झाल्यावर बी मला गाईच्या अंगाचा वास आला की झोप लागायची.

दामिनी : आणि दार?

ईश्वरप्पा : उघडलं. आखाडात. चुलत्याच्या बायकोला दिवस भरले, सुईण मिळंना. अव्वा गेली, बाळंतीण सोडवली. तेव्हापास्नं कुणी काही बोललं न्हाई.

आरती : आज्जीला बी आधी गोडच बोलले असतील, मामा. 'चार महिने जा, मन रमव.'

ईश्वरप्पा : मी दार लावलं न्हाई, आरती. एवढं तरी माझ्या पदरात घाल. मी जीप बोलावली.

आरती : दारच हाय ते, मामा. फक्त आता चाकं लागलीत त्याला.

दामिनी : चहा गार झाला, अप्पा.

ईश्वरप्पा : होऊ द्या. ताई, एक इचारतो. त्या तुमच्या जनावरांत... आई अन् बाप, दोघं राहायचे का पिल्लापाशी? का एकटी आईच?

दामिनी : ते मला ठाऊक नाही.

ईश्वरप्पा : पुस्तकात असंल की.

दामिनी : तसं हाडांवरून ठामपणानं सांगता येत नाही. आणि जे मला ठाऊक नाही ते व्यासपीठावर सांगणार नाही. आई होती का बाप होता, का दुसरंच कुणी कळपातलं होतं, देवाला माहीत. पण पिल्लं होती, एवढं खरं. पिल्लं होती म्हणजे कोणीतरी राहिलं होतं.

ईश्वरप्पा : दुसरंच कुणी बी असंल म्हणता.

दामिनी : असेल. म्हातारंसुद्धा असेल एखादं. ज्याला वाटत असेल की आपल्याच्यानं आता काही होत नाही.

ईश्वरप्पा : मला बोलून राहिल्या का?

दामिनी : तुम्हालाच बोलतेय. इथं दुसरं कोण म्हातारं आहे?

आरती : मामा, मृदंग थांबला. टाळकरी उभे राहिले. तुम्हाला हुडकत असतील.

ईश्वरप्पा : थांबू दे त्यांना. अध्यक्षाशिवाय सुरू करतेत का? ताई, त्या क्लिपमधी शेवटी तुम्ही काहीतरी गायलं होतं. तिथंच मी मोबाईल आपटला. काय होतं ते?

दामिनी : माझं मीच जुळवलेलं आहे. साधं आहे. म्हणू?

ईश्वरप्पा : म्हणा. हळू म्हणा, पोरगी झोपलीय.

दामिनी : 
उन्हाचे सोबती । उन्हासंगे गेले ।
अंधारी राहिले । तेचि तुझे ॥

ईश्वरप्पा : 'तुझे' म्हणजे महादेवाचे.

दामिनी : आणखी कुणाचे?

ईश्वरप्पा : ...आरती, सुदर्शनला फोन लाव.

आरती : काय सांगू?

ईश्वरप्पा : जीप नको म्हण. न्हाई, असं नको म्हणू. ये म्हण. बायकापोरांना घेऊन ये म्हण, प्रसादाला. बहिणीच्या घरी जेवून जा म्हण.

आरती : कुणाच्या घरी?

ईश्वरप्पा : ऐकू आलं न्हाई का? बहिणीच्या घरी म्हणलो. अन् लोकांचं मी बघून घेतो. आडावरच्या बायकांना काय सांगायचं ते तू सांग, पारावरच्या माणसांना मी सांगतो. शरणम्माला बी बोलावून घेऊ उदगीरहून, माझ्या बहिणीला. तिला तसं बी तिच्या सुनेच्या हातचं आवडत न्हाई.

आरती : माझ्या हातचं आवडंल का त्यांना?

ईश्वरप्पा : न्हाई आवडणार. दिवसभर भांडंल तुझ्याशी. घरात आवाज तरी होईल.

दामिनी : चला तर मग. अप्पा, माझं काय ठरलं? महादेवाचं सांगू का...

ईश्वरप्पा : आता काय इचारता? सांगा ते बर्फातलं. पहिल्यापास्नं सांगा, चाळणी बी सांगा, राळ्याएवढे दात बी सांगा. शिंगाचे वळे तर सांगाच, आमच्या लोकांना ते लगेच कळंल. ज्याला मान वळवून माझ्याकडं बघायचं त्यानं बघावं. मी पुढंच बसतो, मधोमध. आरती, पोरीला उठव.

आरती : आत्ता? झोपेतून उठवली तर रडंल, मामा.

ईश्वरप्पा : रडू दे. शालीत गुंडाळून आण, थंडी हाय. माझ्या मांडीवर दे. अन् हे घ्या ताई, माईक. तुमच्या गळ्याला अडकवायचा हाय, मघापास्नं माझ्या खिशातच होता.

दामिनी : मी काय म्हणाले होते?

ईश्वरप्पा : म्हणल्या होत्या, म्हणल्या होत्या. जिंकल्या. पण एक अट हाय माझी.

दामिनी : अट कुठली ते ऐकल्याशिवाय हो म्हणत नाही मी. एव्हाना कळलं असेल तुम्हाला.

ईश्वरप्पा : गोष्ट संपली की, देवाची आरती ओवाळायच्या आधी, सगळे हात जोडून उभे राहतेत ना, तेव्हा एक नाव घ्या. गावात आता ते कुणी घेत न्हाई. मी बी घेतलं न्हाई लई दिवस. एवढंच म्हणा, की ह्या गावात एक बाई गाडीत बसली न्हाई. दाराच्या बाजूनं निजायची. दानम्मा तिचं नाव. तिची आठवण ठेवा म्हणावं.